कळतं तरी वळत नाही, यावर सॉक्रेटिस काय म्हणतो

"जाणूनबुजून कुणीच वाईट वागत नाही. वाईट वागणाऱ्याला चांगलं काय हे कळलेलंच नसतं." अनिकेतनं यूपीएससीच्या नीतिशास्त्राच्या पेपरसाठी काढलेल्या टिपणातली ही ओळ वाचून दाखवली आणि शिरीषनं हातातला चहा खाली ठेवला.

"हे ज्यानं लिहिलंय त्याला एकदा माझ्याबरोबर कोर्टात पाठव," तो म्हणाला.

तिथून पेटलेला वाद कट्ट्यावर ऊन येईपर्यंत विझला नाही. शिरीष फौजदारी वकील. वैशाली व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक. रफिकभाई मिरजेतले तंतुवाद्यांचे कारागीर, आमच्यात वयानं मोठे. अनिकेत परीक्षेच्या तयारीत. मला प्लेटो वाचायचा जुना नाद, त्यामुळे कुठं काय म्हटलंय हे सांगायचं काम माझ्याकडं आलं.

"लिहिलं त्यानं काहीच नाही," मी म्हणालो. प्राचीन अथेन्सचा तत्त्वज्ञ सॉक्रेटिस, त्यानं स्वतःची एक ओळ मागं ठेवली नाही. हे वाक्य त्याच्या तोंडी येतं ते त्याचा शिष्य प्लेटो यानं लिहिलेल्या 'प्रोटागोरस' संवादात. तिथं तो आधी लोकांचं मत मांडतो: माणसाला ज्ञान असतं, पण राग, सुख, दुःख, प्रेम, भीती यांतलं कुणीही येतं आणि त्या ज्ञानाला गुलामासारखं फरफटत नेतं. सॉक्रेटिसला हे पटत नाही. लांबची वस्तू डोळ्यांना लहान दिसते तसं लांबचं दुःख मनाला लहान दिसतं, आणि जवळचं सुख आहे त्यापेक्षा मोठं. माणूस सुखापुढं हरतो असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर त्याचं माप चुकलेलं असतं. सुखदुःख नीट मोजायची विद्या असती तर तो वाचला असता.

"माप?" शिरीष म्हणाला. "लाच घेणारा आधी दार लावून घेतो. पाकीट हातात घेत नाही, ड्रॉवर उघडतो आणि नजर दुसरीकडं वळवतो. कळत नसतं तर दार कशाला लावलं असतं?"

अनिकेत पटकन म्हणाला, "दादा, पकडलो गेलो तर वाईट होईल, एवढं त्याला कळतं. पकडला गेला नाही तरी त्याचं वाईटच झालंय, हे कळत नाही. सॉक्रेटिस त्या कळण्याबद्दल बोलतोय."

पोरानं टिपणापलीकडचं वाचलं होतं. प्लेटोच्याच 'गॉर्जियस' संवादात नेमकं हेच भांडण आहे. पोलस नावाचा तरुण सॉक्रेटिसपुढं मॅसेडोनियाच्या अर्केलाउसचं उदाहरण टाकतो. दासीच्या पोटी जन्मलेल्या या माणसानं काका मारला, चुलतभाऊ मारला, सात वर्षांचा सावत्रभाऊ विहिरीत ढकलला आणि गादी बळकावली. आता बोल, हा सुखी की दुःखी? सॉक्रेटिस म्हणतो, दुःखी. आणि शिक्षा चुकवली म्हणून जास्तच दुःखी. अन्याय करणं हा आत्म्याचा आजार, शिक्षा हा त्यावरचा उपचार. वैद्याला घाबरून पळालेला रोगी जिंकला असं कोण म्हणेल?

"शिक्षा म्हणजे उपचार," शिरीष सावकाश म्हणाला. "शिक्षा भोगून बाहेर आलेली माणसं मी बघतो रे. उपचार झालेला क्वचित दिसतो." यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. माझ्या मते सॉक्रेटिसकडंही नाही. शिक्षेनं आत्मा कसा बरा होतो, ती प्रक्रिया काय, हे त्या संवादात कुठंही नीट येत नाही. वैद्याची उपमा येते आणि तेवढ्यावर भागवलं जातं.

वैशाली इतका वेळ गप्प होती. "तुम्ही लाचेचं काय घेऊन बसलाय?" ती म्हणाली. "आमच्याकडं दुसऱ्या-तिसऱ्यांदा दाखल झालेले लोक असतात. नवीन कुणी आला की त्याला हेच समजावतात. यकृत कसं सुजतं, पोटात पाणी का होतं, थरथर कितव्या दिवशी सुरू होते. माझ्यापेक्षा छान सांगतात. कुठं जवळचं मोठं दिसतं नि लांबचं लहान? लांबचं त्यांनी अंगावर भोगलेलं असतं. घरी जातात आणि परत पितात. पिताना रडतात. यांना कळलेलं नाही असं म्हणणं मला त्यांचा अपमान वाटतो."

खरं सांगायचं तर हा आक्षेप अथेन्समध्येही होताच, आणि तो सगळ्यात जोरात मांडला नाटककारानं. इ.स.पू. ४३१ मध्ये युरिपिडीसचं 'मेडिया' रंगमंचावर आलं. नवऱ्यानं टाकलेली मेडिया पोटच्या मुलांना मारायला निघते तेव्हा ती काही भ्रमात नसते. आपण किती भयंकर करायला चाललोय हे मला कळतंय, पण माझा संताप माझ्या विचारांहून बलवान आहे, असं ती म्हणते. पुढं स्टोइक पंथाच्या विचारवंतांनी सॉक्रेटिसची बाजू उचलली. त्यांच्यातला एपिक्टेटस म्हणाला की मेडियाची फसगत झाली आहे. तिला ती स्पष्ट दाखवून द्या, ती मुलांना मारणार नाही. तोवर तिच्यावर चिडू नका, तिची कीव करा. कीव करा हे मला मान्य, पण "दाखवून द्या" इतकं ते सोपं असतं तर वैशालीचं केंद्र कधीच बंद झालं असतं.

प्लेटोलाही हे सोपं वाटलं नसावं. 'रिपब्लिक'मध्ये त्यानं सॉक्रेटिसच्याच तोंडून एक गोष्ट सांगितली आहे आणि ती मी कट्ट्यावर सविस्तर सांगितली, कारण इतकी जिवंत गोष्ट त्या ग्रंथात दुसरी नाही. लिऑन्टियस नावाचा माणूस पिरेयस बंदराकडून वर शहराकडं चाललाय. उत्तरेच्या तटबंदीच्या बाहेरच्या बाजूला त्याला प्रेतं दिसतात, देहान्ताची शिक्षा झालेल्यांची. शेजारी जल्लाद. त्याला बघायचंय, आणि बघायची किळसही येतेय. तो चेहरा झाकून घेतो. स्वतःशी झगडत थोडा वेळ तसाच उभा राहतो. शेवटी हरतो. डोळे टक्क उघडून प्रेतांकडं धावत जातो आणि स्वतःच्याच डोळ्यांना म्हणतो: घ्या चांडाळांनो, बघा पोटभर हे सुंदर दृश्य!

"आमचा पिणारा," वैशाली म्हणाली. "हुबेहूब. बाटलीवर रागावतो आणि पितो."

या गोष्टीतून प्लेटो आत्म्याचे तीन भाग पाडतो. विचार करणारा, चिडणारा आणि हावरा. लिऑन्टियसला स्वतःचा राग आला, म्हणजे राग हा हावेहून वेगळा. रागावर ताबा ठेवणारा विचार त्याहूनही वेगळा. हे शहाणपणाचं आहे, पण मला त्यात एक गोम दिसते. माणूस चुकला की दोष एका भागावर ढकलायची सोय होते. तीन भाग तर तीन, मग पाच का नकोत? शिरीषनं लगेच पकडलं: "म्हणजे आरोपीनं सांगायचं, साहेब, गुन्हा मी नाही केला, माझ्या तिसऱ्या हिश्श्यानं केला."

अनिकेतनं विचारलं, "पण मुळात आत्मा म्हणजे काय म्हणायचंय त्यांना?"

त्यावर मी प्लेटोच्या 'फीडो' संवादाकडं वळलो. सॉक्रेटिसचा तुरुंगातला शेवटचा दिवस. संध्याकाळी विष प्यायचंय आणि मित्रांशी चर्चा चाललीय ती आत्मा मरणानंतर उरतो का यावर. थीब्जहून आलेला सिमियास विचारतो: वीणेचा लागलेला सूरही दिसत नाही, हाताला लागत नाही, सुंदर असतो, दैवी वाटतो; पण वीणा फोडली, तारा तोडल्या की तो सूर उरत नाही. शरीराच्या घटकांचा लागलेला सूर म्हणजेच आत्मा असेल तर? मरणाऱ्या गुरूला त्याच्या तोंडावर विचारलेला प्रश्न आहे हा, आणि सॉक्रेटिस त्यावर रागावत नाही, उलट त्याच्यावर मनापासून विचार करतो. एवढ्यासाठी मला हा संवाद फार मोठा वाटतो.

रफिकभाईंच्या हाताला तारेचा काळा डाग होता. सकाळी कुणाच्या तरी तंबोऱ्याची जवारी काढून आले होते. "भोपळा फुटला की सूर गेला, बरोबर आहे त्या पोराचं," ते म्हणाले. "उत्तर काय दिलं?"

उत्तर असं. सूर तारांच्या मागून जातो. तारा जशा ताणल्या तसा तो लागतो, तारांच्या विरुद्ध तो काही करू शकत नाही. आत्मा मात्र शरीराच्या विरुद्ध जातो. तहान लागलेली असताना पाणी नको म्हणतो. सॉक्रेटिस इथं महाकवी होमरची ओळ आणतो: त्याच्या काव्याचा नायक ओडिसियस छातीवर हात मारून स्वतःला बजावतो, सोस हृदया, याहून वाईट तू सोसलं आहेस.

रफिकभाई थोडं थांबून म्हणाले, "हे पटतं. तंबोरा स्वतःचा स्वतः लागत नाही. खुंटी पिळणारा हात वेगळा लागतो."

हीच होमरची ओळ प्लेटोनं 'रिपब्लिक'मध्ये पुन्हा वापरली आहे, पण तिथं भांडण आत्मा आणि शरीर यांच्यात नाही. आत्म्याच्याच दोन भागांत आहे. एकाच ओळीचे दोन संवादांत दोन अर्थ. म्हणजे पिळणारा हात कुठला आणि खुंटी कुठली, हे प्लेटोलाही एकदाच ठरवता आलं नव्हतं. मला ही त्याची कमजोरी वाटत नाही. प्रश्न इतका अवघड असताना पहिल्या उत्तरालाच चिकटून बसला असता तर तो लहान ठरला असता.

आता वैशालीच्या माणसांकडं परत जाऊ, कारण त्यांचं सगळ्यात जवळचं वर्णन प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल यानं केलं आहे. 'निकोमाखियन एथिक्स'च्या सातव्या पुस्तकात तो सुरुवातीलाच सांगतो की सॉक्रेटिसचं म्हणणं उघड दिसणाऱ्या गोष्टींशी जुळत नाही. मग तो विचारतो, 'माहीत आहे' म्हणजे नेमकं काय? झोपलेल्याला, वेड्याला, दारू प्यायलेल्याला ज्ञान असतंही आणि नसतंही. ती वाक्यं तोंडातून येतात याला पुरावा धरू नका. प्यायलेला माणूससुद्धा एम्पेडोक्लीस या तत्त्वज्ञ कवीच्या ओळी घडाघडा म्हणतो. नुकतं शिकायला लागलेला विद्यार्थी वाक्यं नीट जुळवतो, पण त्याला अजून कळलेलं नसतं. ते अंगात मुरावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. तोवर बोलणं नटाच्या संवादासारखं.

वैशालीनं हे दुसऱ्यांदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे यकृताची माहिती सांगणारा खोटं बोलत नाही, आणि त्याला कळलंय असंही नाही."

"नवी तार," रफिकभाई म्हणाले. "बसवली, सुरात लावली, की तासाभरात उतरते. पुन्हा लावायची. पुन्हा उतरते. तार खराब नसते आणि लावणाराही चुकलेला नसतो. ताण अंगवळणी पडेपर्यंत लावत राहावं लागतं."

"तेच करतो आम्ही," वैशाली म्हणाली. "उतरली की लावतो."

आणि गंमत बघा, एवढं सगळं म्हणून ॲरिस्टॉटल शेवटी कबूल करतो की सॉक्रेटिसला जे म्हणायचं होतं ते बरंचसं खरं ठरतं; वासना फरफटत नेते ती खऱ्या अर्थानं मुरलेल्या ज्ञानाला नव्हे. मला हेच बरोबर वाटतं. सॉक्रेटिसचं वाक्य चुकीचं नाही. 'कळलं' हे प्रमाणपत्र आपण फार लवकर देऊन टाकतो, स्वतःला सगळ्यांत आधी.

शिरीष अजून हटला नव्हता. "मग सॉक्रेटिसला मुरवायचं काय ते माहीत होतं का? त्याचे स्वतःचे शिष्य बघ ना."

मुद्दा वर्मी होता. अल्किबियाडीस सॉक्रेटिसच्या सगळ्यात जवळचा. प्लेटोच्या 'सिम्पोजियम' संवादात तो दारू पिऊन येतो आणि सगळ्यांसमोर सांगतो: जगात मला लाज वाटते ती फक्त या माणसासमोर. हा सांगतो ते करायला हवं, हे मला खोडता येत नाही. पण त्याच्यापासून दूर गेलो की लोकांच्या वाहवेपुढं वितळतो. म्हणून कानात बोटं घालून पळतो. पुढं इ.स.पू. ४१५ मध्ये यानंच अथेन्सला सिसिलीच्या मोहिमेत ढकललं, आणि खटल्यासाठी परत बोलावल्यावर शत्रूला, म्हणजे स्पार्टाला, जाऊन मिळाला. सॉक्रेटिसचा आणखी एक शिष्य झेनोफोन गुरूच्या बचावात म्हणतो की अल्किबियाडीस सॉक्रेटिसजवळ होता तोवर ताळ्यावर होता. सराव सुटला की शरीर ढिलं पडतं तसा आत्माही पडतो. बचाव म्हणून ठीक आहे. पण मग एवढा सराव करून घेणारा गुरूही त्याला मुरवू शकला नाही, हे उरतंच.

तेव्हा शिरीषनं मोबाइलवर प्लेटोची 'अपॉलॉजी', म्हणजे सॉक्रेटिसचं खटल्यातलं भाषण, उघडली. खटल्याचं कामकाज म्हटल्यावर त्याला राहवेना. इ.स.पू. ३९९, आरोपीचं वय ७०, आरोप तरुणांना बिघडवल्याचा आणि शहराचे देव न मानल्याचा. सॉक्रेटिस फिर्यादी मेलेटसला विचारतो: मी मुद्दाम बिघडवतो की नकळत? बरोबरच्या लोकांना बिघडवलं तर त्याचा त्रास मलाच होणार, मग मुद्दाम कशाला करीन? आणि नकळत होत असेल तर कायदा सांगतो की मला बाजूला घेऊन शिकवा. कोर्टात शिक्षेसाठी आणलं जातं, शिकवण्यासाठी नाही.

"उलटतपासणी उत्तम आहे," शिरीष म्हणाला. "निकाल विरुद्ध जाणार हेही दिसतंय." तो पुढं वाचत राहिला. दोषी ठरल्यावर ३० मतं इकडची तिकडं झाली असती तर सुटलो असतो, असं सॉक्रेटिस म्हणतो, तिथं तो थांबला. मग थोडं खाली जाऊन त्यानं मोठ्यानं वाचलं, मराठी करत करत: मी जाणूनबुजून कुणाचंही वाईट केलेलं नाही याची मला खात्री आहे, पण ती तुम्हाला पटवता येत नाही, कारण आपलं बोलणं फार थोडा वेळ झालं. इतर ठिकाणी आहे तसा तुमच्याकडं कायदा असता, की देहान्ताचा खटला एका दिवसात न उरकता अनेक दिवस चालवावा, तर तुम्हाला पटलं असतं.

"एका दिवसात?" अनिकेतनं विचारलं.

"एका दिवसात," शिरीष म्हणाला. "बाजू मांडायला पाण्याचं घड्याळ लावलेलं. पाणी संपलं की बोलणं बंद."

त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि वैशालीला विचारलं, "तुमच्याकडं किती दिवस ठेवता?"

"परवडेल तितके," ती म्हणाली. "पुरतील तितके कधीच नाही."