ज्याची फी, त्याचं निदान

प्रॅक्टिस चालत नाही म्हणता? पेशंट तासभर रडतो, मोकळं वाटलं म्हणतो, फी पुढच्या वेळी देतो म्हणतो आणि पुढच्या वेळी येत नाही. अशा वेळी तुमच्यासारख्या होतकरू मानसशास्त्रज्ञाने सरळ कोर्टाची पायरी चढावी. शहाण्याने ती चढू नये म्हणतात, पण ते पक्षकारांसाठी. पक्षकार एक तर हरतो, नाही तर जिंकून कंगाल होतो. तज्ज्ञ साक्षीदार दोन्ही वेळा फी घेऊन घरी येतो.

सुरुवात होते वकिलाच्या फोनने. "डॉक्टर, एका केसमध्ये तुमचं निष्पक्ष मत हवंय." या वाक्याने हुरळून जाऊ नका. तुमच्या आधी त्याने तिघांना फोन केलेले असतात. त्या तिघांचं निष्पक्ष मत त्याला झेपलं नाही, म्हणून तुमचा नंबर लागला. ते तिघं कोण आणि काय म्हणाले, हे न्यायाधीशांना बहुधा कधीच कळत नाही. तुम्हीही विचारू नका.

आपण कोणत्या बाजूने आहोत हेसुद्धा विचारू नका, वाईट दिसतं. दोन मिनिटांत आपोआप कळतं. वकील आरोपीला 'हा बिचारा' म्हणाला तर तुम्ही बचावाचे, 'हा इसम' म्हणाला तर सरकारचे. मग फायलीतला तोच मजकूर बघा कसा वेगळा वाचता येतो. लहानपणी बापाचा मार खाल्ला? बिचाऱ्याच्या बाबतीत तो आघात, इसमाच्या बाबतीत हिंसेचा लवकर झालेला परिचय. तुरुंगात शांत वागला? बिचारा सुधारतोय, इसम मात्र डाव टाकतोय.

ही माझी कुचकट कल्पना वाटत असेल तर २०१३ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग ऐका. डॅनियल मरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोर्टाची कामं करणाऱ्या शंभरावर मानसशास्त्रज्ञांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना पैसे देऊन बोलावलं. काहींना सांगितलं, तुम्हाला सरकारी पक्षाने नेमलंय. काहींना सांगितलं, बचाव पक्षाने. फायली सगळ्यांना त्याच दिल्या. आरोपी किती धोकादायक आहे, याचे गुण मान्यताप्राप्त मोजपट्ट्यांवर द्यायचे होते. त्यातली एक रॉबर्ट हेअर यांची मनोविकृती मोजणारी यादी. तिच्यात २० मुद्दे असतात, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, कमाल ४०. निघालं काय? सरकारने नेमलंय असं समजणाऱ्यांनी सरासरीने जास्त गुण दिले, बचावाने नेमलंय असं समजणाऱ्यांनी कमी. आरोपी तोच, फाईल तीच, पट्टीही तीच. सगळेच घसरले असं नाही, पण पट्टी दोन्ही टोकांना ओढली गेली खरी. जिथे मोजून उत्तर येतं तिथे फरक कमी पडला. 'पश्चात्ताप वाटतो का', 'वरवरचं गोड बोलतो का' असल्या जागी, जिथे तज्ज्ञाने स्वतःच्या अकलेने ठरवायचं असतं, तिथे जास्त.

यात तुमच्यासाठी दिलासा आहे. तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही. खोटं बोलणारा तज्ज्ञ उलटतपासणीत घामाघूम होतो. ज्याला आपण निष्पक्ष आहोत असं मनापासून वाटतं, त्याला कसला घाम येतोय? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे आपल्याकडच्या अडाणी माणसालाही कळतं. ती टाळी आपोआप वाजली असं वाटायला मात्र मानसशास्त्रातली पदवी लागते.

आता आरोपीची मुलाखत. प्रश्नाचा शब्द जपून निवडा. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या. गाड्या एकमेकींना 'लागल्या' तेव्हा वेग किती होता असं विचारलं, तर सरासरी उत्तर आलं ताशी ३१.८ मैल. 'आदळून फुटल्या' असं विचारलं, तर चाळीसच्या वर. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, काच फुटलेली पाहिली का? फिल्ममध्ये फुटकी काच नव्हतीच. 'आदळून फुटल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती दिसलेली होती. लॉफ्टसबाईंनी हे सगळं साक्षीदाराच्या स्मृतीवर विसंबू नये म्हणून शोधलं आणि त्याबद्दल शेकडो खटल्यांत सावध केलं. तुम्ही त्यातून एवढंच घ्या की एका क्रियापदात नऊ मैल मिळतात. 'तेव्हा मनात काय होतं?' असं कोरडं विचारण्यापेक्षा 'तेव्हा आवाज ऐकू येत होते, ते नेमकं काय सांगत होते?' असं आपुलकीने विचारून बघा.

मुलाखतीला वेळ नसेल तर तीही टाळता येते. परंपरा मोठी आहे. १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटनवर खुनाचा खटला चालला. ब्रिटिश पंतप्रधानांना मारायला गेला आणि त्यांच्या सचिवाला गोळी घालून बसला. वेडेपणाच्या मुद्द्यावर तो निर्दोष सुटल्यावर लोक खवळले. मग न्यायमूर्तींना काही प्रश्न विचारण्यात आले. त्यांतला एक असा: ज्या डॉक्टरने कैद्याला खटल्यापूर्वी कधीच पाहिलेलं नाही, पण कोर्टात बसून सगळी सुनावणी ऐकली, त्याला कैद्याच्या मनःस्थितीबद्दल मत विचारता येईल का? प्रश्न पडला म्हणजे तसले डॉक्टर तेव्हाही होते.

या घराण्यातले खरे उस्ताद म्हणजे टेक्सासचे डॉ. जेम्स ग्रिगसन. ते मानसशास्त्रज्ञ नव्हते, मानसोपचारतज्ज्ञ होते, पण पिंजऱ्यात उभं राहिल्यावर हा भेद कोण बघतो? फाशीच्या शंभरहून अधिक खटल्यांत त्यांनी साक्ष दिली, बहुतेक वेळा सरकारतर्फे. पत्रकारांनी त्यांचं नावच ठेवलं 'डॉक्टर डेथ'. टेक्सासात फाशी द्यायची तर आरोपी पुढेही हिंसा करील का, हे ज्यूरीला ठरवावं लागे. थॉमस बेअरफूटच्या खटल्यात डॉक्टरांनी आरोपीला तपासलंच नव्हतं. वकिलाने 'समजा एक माणूस असा असा आहे' म्हणून वर्णन केलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, हा पुढे हिंसा करणार याची शंभर टक्के खात्री. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने स्वतः जाऊन सांगितलं की अशी दीर्घ मुदतीची तीन भाकितं केली तर दोन चुकतात. १९८३ साली न्यायालय म्हणालं, असू दे, उलटतपासणीत ज्यूरी खरंखोटं ओळखील. पुढच्या वर्षी बेअरफूटला देहदंड झाला.

रँडल अॅडम्सबद्दलही डॉक्टरांनी असंच ठाम भाकीत केलं होतं, हा माणूस पुढेही जीव घेईल. अॅडम्सने पुढे कुणाचा जीव घेतला नाही. कारण मुळात आधीही घेतलेला नव्हता. दुसऱ्याचा खून त्याच्या माथी मारला गेला होता. १९८९ साली तो सुटला. १९९५ मध्ये त्याच सायकिअॅट्रिक असोसिएशनने डॉक्टरांना काढून टाकलं. न तपासता निदान करणं आणि शंभर टक्क्यांची भाषा वापरणं, हे दोन ठपके. साक्षी? त्या नंतरही चालू राहिल्या. ठाम बोलणारा माणूस कुणाला नको असतो?

तुम्ही मात्र इतकं ठाम बोलू नका. काळ बदललाय. आता 'वाजवी व्यावसायिक खात्रीनुसार' असं म्हणायचं. ही खात्री ५१ टक्के की ९५, हे कुणीही विचारत नाही, कारण उत्तर विचारणाऱ्यालाही अडचणीचं असतं. धर्मराजाला 'नरो वा कुंजरो वा' म्हणताना आवाज खाली आणावा लागला होता. तुम्हाला तोही त्रास नाही, अहवालात सगळे शब्द एकाच टायपात येतात. 'आरोपीची लक्षणं अमुक आजाराशी सुसंगत आहेत' हे माझं सगळ्यात लाडकं वाक्य. लक्षणं कशाशी सुसंगत नसतात? झोप न लागणं हे नैराश्याशी सुसंगत आहे, अपराधी भावनेशी आहे आणि कोठडीतल्या ढेकणांशीही आहे.

काही देशांत निर्णायक मुद्द्यावर थेट बोलायला बंदी असते. अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणारा जॉन हिंक्ली १९८२ साली वेडेपणाच्या मुद्द्यावर सुटला आणि अमेरिकेत एवढा गदारोळ झाला की १९८४ मध्ये फेडरल कोर्टांचा नियमच बदलला. गुन्ह्याला लागणारी मनःस्थिती आरोपीची होती की नव्हती, हे तज्ज्ञाने सांगायचं नाही. घाबरू नका. आजार सांगा, आजाराची लक्षणं सांगा, 'असा आजार असलेल्या माणसाला सामान्यतः' काय कळतं नि काय कळत नाही तेही सांगा आणि मग ज्यूरीकडे बघून नुसता चष्मा काढा. चष्मा काढायला बंदी नाही.

चाचण्यांची बॅग भरलेली ठेवा. शाईच्या डागांत काय दिसतं ते विचारायची १० कार्डं १९२१ पासून चालत आली आहेत. त्यांवरून काय सिद्ध होतं यावर तज्ज्ञांत शतकभर भांडण आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना पुरतात. यंत्र असेल तर उत्तमच. विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने रक्तदाबावरून खोटं पकडायची युक्ती काढली होती. १९२३ साली फ्राय खटल्यात कोर्टाने ती नाकारली आणि त्या क्षेत्रात सर्वसाधारण मान्यता मिळालेली पद्धतच चालेल असा निकष घालून दिला. अमेरिकेच्या फेडरल कोर्टांत हा निकष पुढची ७० वर्षं टिकला. १९९३ च्या डॉबर्ट निकालाने तो बाजूला सारला आणि शास्त्र खरं की भोंदू हे बघायचं काम न्यायाधीशावर टाकलं. मार्स्टन यांचं काही बिघडलं नाही. त्यांनी पुढे एक कॉमिकमधली नायिका जन्माला घातली, जिच्या दोराने बांधलेला माणूस खरंच बोलतो. कोर्टाने नाही घेतलं, मुलांनी घेतलं.

पोशाखाबद्दल. गडद कोट, साधा टाय. याहून जास्त काही करू नका, कारण एकदा ते फार जवळ आलं होतं. १९९५ साली न्यू मेक्सिकोचे सिनेटर डंकन स्कॉट यांनी एका विधेयकाला दुरुस्ती सुचवली. आरोपी खटल्याला उभं राहण्यास सक्षम आहे का, यावर साक्ष देणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने किमान दोन फूट उंच, तारे आणि विजा रंगवलेली शंकूसारखी टोपी घालावी. किमान १८ इंचांची पांढरी दाढी लावावी. महत्त्वाच्या मुद्द्यावर छडी हवेत खुपसावी. साक्षीआधी कोर्टातले दिवे मंद करावेत आणि दोनदा घंटा वाजवावी. सिनेटने ही दुरुस्ती मंजूर केली! पुढे कायदा काही झाला नाही. मला मात्र वाईट वाटतं. टोपी असती तर निदान ज्यूरीला कळलं असतं की आता काय सुरू होतंय.

उलटतपासणीत पहिला प्रश्न ठरलेला: "या साक्षीचे तुम्हाला किती पैसे मिळाले?" चेहरा न बदलता म्हणा, "साक्षीचे नाहीत, माझ्या वेळेचे." हे उत्तर समोरच्या बाजूचा तज्ज्ञही देणार असतो, शब्द न शब्द. तो बहुधा तुमचा जुना वर्गमित्रच असतो. दुपारी एकाच गाडीतून परत जा, पण कोर्टाच्या फाटकापाशी एकत्र बसू नका. पक्षकार बघतात.

मुलांच्या ताब्याची प्रकरणं मी शेवटी ठेवली, कारण तिथे काम सतत मिळतं. माझ्याकडे एकदा सात वर्षांची मुलगी आली होती. मी वडिलांतर्फे होतो. तिला म्हटलं, एक घर काढ. तिने जीभ बाहेर काढून अगदी मन लावून घर काढलं. छप्पर, दार, दाराला कडी, बाजूला झाड. खिडक्या नाहीत. मी अहवालात लिहिलं: आईच्या घरात मुलीची घुसमट होते, बाहेरच्या जगाकडे उघडणारी वाट तिला दिसत नाही. आईच्या तज्ज्ञाने त्याच चित्राची झेरॉक्स लावून लिहिलं: खिडक्या नसणं हे सुरक्षिततेच्या भावनेचं चिन्ह, घर म्हणजे तिला कवच वाटतं, शिवाय दाराला कडी आहे. दोघांची मिळून चित्रावर अकरा पानं झाली. न्यायाधीशांनी दोन्ही अहवाल गंभीरपणे चाळले.

जेवणाच्या सुट्टीत ती कॉरिडॉरमध्ये बाकावर पाय हलवत बसली होती. मी सहज विचारलं, "काय गं, तुझ्या घराला खिडक्या का नव्हत्या?"

"काढणारच होते," ती म्हणाली. "तेवढ्यात तुम्ही कागद ओढून घेतलात."