रात्री मशीन लावली की वीज स्वस्त? नाही

‘स्मार्ट मीटर बसला, आता वॉशिंग मशीन रात्री 11 नंतरच लावा’ असा मेसेज मुंबईच्या सोसायट्यांमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे. स्मार्ट मीटर कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवतो, आणि केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार सवलत सौर तासांना, म्हणजे दिवसा, नेहमीच्या युनिट दरावर किमान 20 टक्के. प्रत्यक्ष वेळा आणि दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. बिलातला स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी लागणारी ठरावीक रक्कम, तसाच राहतो.

रात्रीऐवजी दुपारी हलवण्यासारखं घरात थोडंच असतं. फ्रिज 24 तास चालणारच. थंड पाण्याची धुलाई जेमतेम पाव युनिट. 60 अंशांवरची मात्र 1 युनिटच्या आसपास, ती दुपारी लावा. 15 लिटरचा गिझर 30 अंशांनी तापवायला अर्धा युनिट लागतो, पण दुपारी तापवलेलं पाणी सकाळपर्यंत निवतं. युनिटमागे 1 रुपया सवलत धरली आणि रोज 1 युनिट दुपारी नेलं, तर महिन्याला 30 रुपये वाचतात. खरा फरक दुपारी एसी चालणाऱ्या घरालाच.