गुन्हेगारीशास्त्र जरूर शिकावे, पण कायद्याच्या पदवीसोबत

बारावीचे निकाल लागले की ओळखीचे पालक मुलामुलींना घेऊन आमच्या सांगलीच्या ऑफिसात येतात आणि अलीकडे त्यांतल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो: "वकीलसाहेब, हिला क्रिमिनॉलॉजी करायचंय, स्कोप आहे का?" मुलीच्या डोळ्यांसमोर बहुधा मालिकांमधली प्रयोगशाळा, रक्ताचे डाग आणि बोटांचे ठसे असतात. ते काम न्यायसहायक विज्ञानाचे (फॉरेन्सिक सायन्सचे) आहे आणि त्यासाठी मूळ पदवी विज्ञान शाखेची लागते, एवढे सांगितले तरी निम्मा गोंधळ मिटतो. गुन्हा का घडतो, शिक्षेने नेमके काय साधते आणि पीडिताचे पुढे काय होते, हे गुन्हेगारीशास्त्राचे प्रश्न आहेत.

माझे मत स्पष्ट आहे. बारावीनंतर केवळ गुन्हेगारीशास्त्राची पदवी घेण्यापेक्षा पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम करावा आणि त्यात हा विषय मन लावून शिकावा, कारण कायद्याच्या पदवीशिवाय सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नाही आणि सनदेशिवाय आरोपीच्या वतीने न्यायालयात उभे राहता येत नाही. वकिली आणि विधी शिक्षणाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत हा विषय पर्यायी विषयांच्या गटात आहे. पर्यायी म्हटल्यावर त्याचे जे व्हायचे तेच होते. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचून तो 'काढला' जातो. माझी खरी तक्रार इथे आहे.

रिमांडच्या वेळी कोर्टाच्या व्हरांड्यात थोडा वेळ उभे राहून पाहावे. मोटरसायकल चोरीत पकडलेला कोवळा पोरगा, सोबत दोन पोलीस, आणि भिंतीला टेकून बसलेली आई, जिच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत रेशन कार्ड आणि कुणा भावकीतल्या माणसाचा सातबारा असतो, कारण जामीनदार उभा करायचा आहे. असा मुलगा पुढे दोषी ठरला, तर १९५८ च्या अपराधी परिविक्षा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुटका) अधिनियमाचे कलम ६ वकिलाला वेळेवर आठवले पाहिजे. जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात २१ वर्षांखालील व्यक्तीला कैद सुनावण्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा आणि कैद द्यायचीच झाली तर तिची कारणे लेखी नोंदवायची, असे ते कलम सांगते. कलम पाठ असलेले वकील पुष्कळ भेटतात. ते कलम कायद्यात का आले, कोवळ्या वयात तुरुंगात गेलेला माणूस बाहेर पडताना काय होऊन पडतो, हे ज्याने अभ्यासले आहे त्याचा युक्तिवाद मात्र वेगळा उभा राहतो.

दुसरे उदाहरण आपल्या माळावरचेच आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवले. तो १९५२ साली रद्द झाला, पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आला आणि गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालांकडे वळण्याची सवय तशीच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कारागृह नियमावल्यांतील जातीवर आधारलेले कामवाटप घटनाबाह्य ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या, जमातींवरच्या या शिक्क्याचीही दखल घेतली. सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय शोधत दूर जाण्याचे कारण नाही.

आणि स्वतंत्रपूर तर आटपाडीजवळच आहे. औंध संस्थानात १९३९ साली, भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने, भिंतीविना तुरुंगाचा हा प्रयोग सुरू झाला. कैदी तिथे शेती करतात आणि कुटुंबासह राहतात. विधी महाविद्यालयांच्या सहली मात्र महाबळेश्वरला जातात! कारागृह विभागाची रीतसर परवानगी काढून दरवर्षी एक तुकडी स्वतंत्रपूरला न्यावी, असे मी भेटेल त्या प्राध्यापकांना सांगत असतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांनी या विषयाचे वजन वाढवले आहे. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी पहिल्यांदाच करणाऱ्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर भारतीय न्याय संहितेनुसार त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा होते. ती सेवा कोणती, कोणाच्या देखरेखीखाली आणि आरोपीची मानहानी न होता कशी करून घ्यायची, याची उत्तरे दंडशास्त्र, म्हणजे शिक्षेचा अभ्यास, शिकलेल्यांनीच द्यायची आहेत.

न्यायाधीश व्हायचे आहे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट: मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. ज्युनियरला या काळात हातात फारसे काही पडत नाही, हे घरच्यांनी आधीच गृहीत धरावे. सोय एवढीच, की ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात बसते आणि आपल्या सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांचा त्याच्या कार्यक्षेत्रात समावेश आहे. फौजदारी अपिलांचे युक्तिवाद ऐकायला सांगलीचा विद्यार्थी सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी परतू शकतो.