तीन प्रश्नांत फुको

इतिहास घेऊन बी.ए. केलं की मराठे पानिपतावर का हरले ते सांगता येतं. आपण आता पुढं काय करणार ते सांगता येत नाही. ते सांगायला नातेवाईक असतात. आमच्या बार्शीत आर्ट्सच्या मुलीपुढं वाटा दोनच. एक स्पर्धा परीक्षा, दुसरी बी.एड. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात कॉट घेऊन राहावं लागतं, बी.एड. घरून डबा नेऊन करता येतं. हा हिशेब एका रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत मांडला गेला आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांना आठवलं की मला लहानपणापासून शिकवण्याची आवड होती.

हिशेब मांडणारे मामा स्वतः हायस्कूलचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या वेळी बी.एड. एका वर्षात व्हायचं. 2015 पासून ते दोन वर्षांचं झालंय, हे त्यांना अजून मान्य नाही. "वाढवलेल्या वर्षात शिकवतात तरी काय?" असं ते दर भेटीत विचारतात. मी सांगते, पहिल्या वर्षी टाचण, म्हणजे तासाचा आराखडा, लिहायला शिकवतात आणि दुसऱ्या वर्षी टाचणांच्या फाइली बांधायला.

आत शिरायला आधी सीईटी. 90 मिनिटांत 100 प्रश्न, त्यातले 30 शिक्षक अभियोग्यतेचे. म्हणजे असं, की वर्गात एक मुलगा सारखा दंगा करतोय, तर तुम्ही त्याला बाहेर काढाल, मुख्याध्यापकांकडं न्याल, दुर्लक्ष कराल, की विश्वासात घेऊन त्याची अडचण समजून घ्याल? याला अभ्यास लागत नाही. चारांतलं जे आपल्या शाळेत कधीच घडलेलं नाही त्यावर खूण करायची.

प्रवेश मिळाला की पहिली गाठ सूक्ष्म अध्यापनाशी. 1963 च्या सुमारास अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत निघाली. शिकवण्याचे सुटे भाग करायचे, प्रस्तावना वेगळी, प्रश्न विचारणं वेगळं, फलकलेखन वेगळं, आणि एकेक भाग छोट्या पाठात घोटायचा. आपल्याकडं त्याचं चक्र ठरलेलं आहे. 6 मिनिटं शिकवा, 6 मिनिटं अभिप्राय ऐका, 12 मिनिटांत नवं टाचण करा, 6 मिनिटं परत शिकवा, 6 मिनिटं परत ऐका. 36 मिनिटांत शिक्षक दुरुस्त. कल्पना चांगली आहे, हे मी आजही म्हणेन. अडचण एवढीच की समोर विद्यार्थी म्हणून आपल्याबरोबरचेच छात्राध्यापक बसतात आणि त्यांनी सातवीतलं मूल व्हायचं असतं.

आमच्या गटात एक काका होते. दोन मुलांचे बाप, मिशीत पांढरे केस, बरीच वर्षं एका खासगी शाळेत नाव घेऊ नये इतक्या पगारावर राबून आलेले. सातवीतलं मूल होण्याचं काम त्यांनी सगळ्यांत मनावर घेतलं. माझा अफजलखानवध ऐन रंगात आला असताना काकांनी करंगळी वर केली. मिशीसकट. "बाई, जाऊ?" निरीक्षण तक्त्यात याला रकाना नव्हता. त्यांच्या पाठात आम्ही किती हात वर करायचे आणि आमच्या पाठात त्यांनी करंगळी खाली ठेवायची, हा तह पुढं चहाच्या टपरीवर झाला.

या सुट्या भागांतला सगळ्यांत दमवणारा म्हणजे चेतक बदल. मुलांचं लक्ष उडू नये म्हणून शिक्षकानं हालचाल, हावभाव, आवाजाची पट्टी, काही ना काही बदलत राहायचं, मध्येच विराम घ्यायचा. निरीक्षक प्रत्येकाच्या खुणा करत असतो. सहा मिनिटांत सगळ्या खुणा पडायच्या तर फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत, हात उडवत, "आणि मग महाराजांनी..." असं म्हणून एकदम थांबावं लागतं. मी थांबले की पुढच्या बाकावरून काका हळूच विचारायचे, "विसरलीस, का विराम आहे?"

प्रबलन त्याहून वाईट, कारण ते घरी येतं. उत्तर बरोबर आलं की लगेच शाबासकी द्यायची, हे इतकं अंगात मुरलं की आई म्हणाली, "गॅस संपत आलाय वाटतं," आणि मी म्हणाले, "छान! अगदी बरोबर! आणखी कोण सांगेल?" आईनं त्यावर जे प्रबलन दिलं ते आमच्या पुस्तकात नाही.

मानसशास्त्राचा पेपर त्यामानानं करमणुकीचा. शिकणं कसं घडतं हे थॉर्नडाइकनं मांजरावरून काढलं, पावलॉवनं कुत्र्यावरून, स्किनरनं उंदीर-कबुतरांवरून आणि कोहलरनं चिंपांझीवरून. माणसाच्या पोरांकडं पियाजेनं पाहिलं, त्यातही बराच काळ त्याच्या घरच्याच तिघांकडं. एका बाकावर चौघं बसलेल्या वर्गात, मधल्या सुट्टीनंतरचा तास यांच्यापैकी कुणी घेतल्याचा उल्लेख आमच्या नोट्समध्ये नाही.

पण बी.एड.चा खरा जीव आहे पाठ टाचणात. उभे रकाने आखायचे. उद्दिष्टे, अध्यापक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, मूल्यमापन. त्यातल्या 'विद्यार्थी कृती'त मुलं उद्या काय म्हणतील ते आज रात्री आपणच लिहायचं. 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.' 'विद्यार्थी उत्स्फूर्तपणे उत्तर देतात.' आणि ते उत्स्फूर्त उत्तर पुढं अवतरणचिन्हांत. माझ्या टाचणांमध्ये एकही मूल खिडकीबाहेर बघत नाही, कुणाचं पेन कुणी पळवत नाही, आणि 'माहीत नाही' असं तर आजवर कुणीच म्हणालेलं नाही. एवढ्या ठामपणे आमचा गावचा ज्योतिषीसुद्धा बोलत नाही.

त्यात प्रस्तावनेचा एक नियम. 'आज आपण अमुक शिकणार' असं शिक्षकानं एकदम म्हणायचं नाही. ज्ञाताकडून अज्ञाताकडं जात तीन-चार प्रश्न विचारायचे, मुलांनी उत्तरं देत देत विषयाच्या दारापर्यंत यायचं, आणि मग हेतुकथन. महाराजांचा पाठ असेल तर सोपं असतं, "रायगड कुणाचा?" म्हटलं की दार उघडलं. माझ्या वाट्याला आला दहावीचा पहिलाच पाठ, 'इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा'. ज्यांच्या घरात सध्या दहावी नाही त्यांच्यासाठी सांगते. या पाठात देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स आणि मायकेल फुको एवढे सगळे युरोपातले विचारवंत पाहुणे पंधरा वर्षांच्या पोरांकडं एकदम येतात. मी इतिहासात पदवी घेतली, पण तीन वर्षांत फुकोची नि माझी भेट झाली नव्हती. पोरांना तो पहिल्याच धड्यात, 40 मार्कांच्या पेपरातली एखादी रिकामी जागा भरण्यापुरता.

आता बार्शीहून फुकोपर्यंत तीन प्रश्नांत कसं जायचं?

आधी वर्गात दाखवायला चित्राचा तक्ता. कॉलेजसमोरच्या स्टेशनरीवाल्याला आमचा अभ्यासक्रम आमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. "फुको?" त्यानं रॅककडं मान वळवून म्हटलं, "त्याला गिऱ्हाईक नाही मॅडम. व्हॉल्टेअर न्या, मागच्या बॅचचाच आहे, निम्म्यात देतो." शेवटी घरीच काढला. फुकोचं एक बरं आहे, टक्कल आणि चष्मा. गोल काढला की अर्धं काम झालं. आईनं तक्त्याला नमस्कार केला, तिला गांधीजी वाटले.

दहावीचा वर्ग छात्राध्यापकांच्या हाती सहसा कुणी देत नाही, बोर्डाचं वर्ष असतं. पण इतिहासाच्या सरांना मतदार यादीच्या कामाला जुंपलं होतं, म्हणून अंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या सरावाच्या काळात, तो तास माझ्याकडं आला. जाता जाता सर म्हणाले, "खिडकीजवळच्या त्या उंच पोराकडं लक्ष देऊ नका." मागच्या बाकावर आमच्या निरीक्षक मॅडम, हातात माझ्या टाचणाची प्रत.

"आपल्या गावातलं सगळ्यांत प्रसिद्ध मंदिर कोणतं?"

अपेक्षित उत्तर होतं, भगवंताचं. "भगवंताचं!" अख्खा वर्ग, एका सुरात. मागं पेन हललं.

"ते जुनं आहे हे आपल्याला कशावरून कळतं?" अपेक्षित उत्तर, पुराव्यांवरून.

"आजी सांगती," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"छान. पण आजी सांगते ते खरं कशावरून?"

"माझी आजी खोटं नाही बोलत." तिला रागच आला. टाचणात आजी नव्हती.

"बरं, एखादी गोष्ट खरी आहे हे दाखवायला काय लागतं?" "पुरावा!" आली गाडी रुळावर. "मग पुरावे गोळा करून, ते तपासून जो लिहितो, त्याला काय म्हणतात?" इतिहासकार, असं मी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं.

"पोलीस!"

"आणि पोलीस काय लिहितात?" हा प्रश्न टाचणात नव्हता, पण आता पोलीस वर्गात आलेच होते.

"एफआयआर!"

मी फळ्यावर एफआयआर लिहिलं. हशा पिकला. तेवढ्यात खिडकीजवळचा उंच मुलगा उभा राहिला. "मॅडम, एफआयआर काय खरी नसती. आमच्या चुलत्याची बांधावरनं भांडणं झाली. समोरच्याची वळख हाय, त्याची आधी लिहून घेतली. आता कागदावर आमचाच चुलता गुन्हेगार."

"आणि खरं काय झालं होतं?"

"दोघांनीबी हाणलं होतं."

तुरुंग, मनोरुग्ण, दवाखाने यांचा इतिहास लिहिणारा आणि सत्ता नि ज्ञान यांचं साटंलोटं आयुष्यभर शोधणारा फुको माझ्या हातात गुंडाळलेला होता. मी काहीच बोलले नाही. निरीक्षक मॅडमनी तो बहुतेक विराम धरला. पुढची पंधरा-वीस मिनिटं मला फारसं काही करावं लागलं नाही. बांधाची गोष्ट नाही असं घर त्या वर्गात नव्हतंच. कुणाचं म्हणणं लिहून घेतलं, कुणाचं घेतलं नाही, पंचनाम्यावर सह्या कुणाच्या, यावर वर्गात इतका वाद झाला की शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन डोकावून गेल्या. आजीवाली मुलगी अजून घुश्शातच होती. ती म्हणाली, "मग माझ्या आजीचं तरी कुणी लिहून घेतलंय?" मी तक्ता उलगडला. "हा माणूस साधारण हेच विचारत होता," एवढं म्हणाले आणि घंटा झाली.

अभिप्राय लेखी मिळाला. हेतुकथन झाले नाही. फलकलेखन उजवीकडे चढत गेले. 'एफआयआर' हा शब्द पाठ्यघटकाशी विसंगत. विद्यार्थी कृती टाचणानुसार नाही. सही. मी कागद घेऊन व्हरांड्यात आले तर मॅडम मागून आल्या, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "त्या चुलत्याचं पुढं काय झालं गं?"

बी.एड. झालं म्हणजे शिक्षक झालं, असं मानणारी पिढी मामांची. आमच्यासाठी पुढं टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आहे. सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर, 150 मार्कांचा, खुल्या गटाला 60 टक्के लागतात. एक समाधान एवढंच की सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोकरीतल्यांनाही ती बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असेल तर द्यायचीच. त्यामुळं मला सातवीत छड्या मारणाऱ्या बाई हल्ली फोन करून म्हणतात, "बाळा, बालमानसशास्त्राच्या नोट्स आहेत का तुझ्याकडं?"

आणि मग टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ही पहिल्यांदा 2017 साली झाली, त्यानंतर थेट 2023 साली आणि मग 2025 साली. पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीच्या मध्ये जन्मलेलं मूल बालवाडीत जाऊन आलं. त्यात बरे मार्क पडले, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नंबर लागला, तर माध्यमिकला तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन 18,000 रुपये. 2023 च्या आधी ते 8,000 होतं. "वाढलं की!" मामा म्हणतात, पेन्शन घेऊन आल्यावर.

या चाचणीत 200 प्रश्न असतात आणि 120 मिनिटं. एका प्रश्नाला 36 सेकंद. त्यात गणित आहे, आणि मी आर्ट्सला गेले तीच मुळात गणित सुटावं म्हणून. म्हणून शेजारचा आठवीतला मुलगा मला रोज संध्याकाळी शिकवायला येतो. बदल्यात मी त्याचा इतिहासाचा प्रकल्प लिहून देते. त्याला प्रस्तावना करायची सवय नाही. मोबाइलवर स्टॉपवॉच लावतो आणि सुरू करतो.

"ताई, दोन नळ आहेत."

"कुठं?"

"गणितात. एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत रिकामी करतो. दोन्ही सुरू ठेवले तर टाकी किती वेळात भरेल?"

"दुसरा बंद का करत नाहीत?"

आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईनं हेच विचारलं असतं. त्यानं स्टॉपवॉच थांबवलं. "ताई, असं विचारायचं नसतंय. उत्तर ठरलेलं असतंय. बारा तास." मग घड्याळ परत शून्यावर आणून म्हणाला, "आता पुढचं. एक रेल्वे आहे."