ठिपका हलेना

पुण्याहून लातूरला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालेला माणूस एकटा कधीच नसतो. तो आपला वरच्या बर्थवर पडतो आणि त्याच्या मागावर सगळं घर निघतं.

तिकीट काढलं की मेसेज येतो. मेसेजात लिंक, लिंक उघडली की नकाशा, नकाशावर निळा ठिपका. ठिपका म्हणजे आपली बस. ही लिंक प्रवाशाच्या सोयीसाठी आहे असा ट्रॅव्हल्सवाल्यांचा भाबडा समज आहे. आमच्याकडं ती माझ्याकडून आप्पांना जाते, आप्पांकडून ताईला, ताईकडून दाजींना, आणि दाजी ती सोयऱ्याधायऱ्यांच्या ग्रुपवर टाकून मोकळे होतात. मग रात्री अकराला औशाच्या मावशी लिहितात, ‘यवत गेलं.’ साडेबाराला कुणीतरी लिहितो, ‘भिगवण.’ मला खिडकीबाहेर अंधार सोडून काही दिसत नसतं, पण मी कुठवर आलोय हे चार तालुक्यांना ठाऊक असतं.

तसा गाडीची वाट बघण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली, तेव्हा अख्खं शहर ‘गाडी कुठवर आली’ एवढंच विचारत होतं. त्यात पाणी होतं हो. माझ्यात काय आहे?

आप्पा भूमी अभिलेखमधून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. साखळी आणि फलक यंत्र घेऊन बांधाबांधानं हिंडण्यात जन्म गेला. त्यामुळं जगात कुठंही, कुठलीही मोजणी चालू असली की त्यात आपल्याला कुणीतरी विचारायला हवं होतं, असं त्यांना वाटतं. हा ठिपका आला आणि त्यांना जणू परत कामावर बोलावणं आलं. वाचून, लोकांना विचारून त्यांनी सगळं मुळापासून समजून घेतलं, आणि आता ते घरी येणाऱ्याला पाणी द्यायच्या आधी उपग्रह देतात.

“उपग्रहाला बस दिसत न्हाई,” ही त्यांची सुरुवात. आणि ते खरं आहे. जीपीएसचे उपग्रह वर २०,२०० किलोमीटरवरून नुसते ओरडत असतात: मी इथं आहे, माझ्या घड्याळात अमुक वाजले. बसमध्ये बसवलेला यंत्राचा डबा ते ऐकतो, आवाज पोचायला किती वेळ लागला ते बघतो आणि त्यावरून अंतर काढतो. असे किमान चार उपग्रह लागतात. तीन जागेसाठी आणि चौथा डब्यातल्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी. आप्पांना हे सांगावं लागलंच नाही. तीन खुणांवरनं बांध काढायचा आणि चौथ्या खुणेवरनं आपलीच चूक धरायची, हे त्यांनी हद्द कायमच्या मोजणीत आयुष्यभर केलं. “एका सेकंदाचे दहा लाख भाग कर. त्यातला एक भाग घड्याळ चुकलं की जागा ३०० मीटरनं सरकती,” असं सांगून ते थांबतात, समोरच्याकडं रोखून बघतात आणि म्हणतात, “म्हणजे माणूस दुसऱ्याच्या गटात!”

‘नाविक’ या आपल्या देशाच्या जीपीएससारख्या उपग्रह यंत्रणेवर तर त्यांचा विशेष जीव. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. पुढं त्याचीच तिन्ही रुबिडियम अणुघड्याळं बंद पडली, तेव्हा आप्पा दोन दिवस गप्प होते. २९ मे २०२३ ला गेलेल्या उपग्रहात देशी बनावटीचं अणुघड्याळ बसवलंय असं कळलं, तेव्हा पेढे आणले. आईला वाटलं मला बढती मिळाली. खरं कारण कळल्यावर तिनं तोंडातला पेढा तसाच ठेवून आप्पांकडं जे बघितलं, ते मोजायला अजून यंत्र निघालेलं नाही.

आईचं शास्त्र निराळं आहे. उपग्रहाला बस दिसत नाही हे तिला मान्यच नाही. एवढा वर सोडलाय, एवढा पैसा घातलाय, आणि दिसत नाही? “बघा की, पांघरूण घेतलंय का त्यानं,” असं ती रात्री दोनला आप्पांना सांगते. एसीची थंडी तिला बाधत नाही, तिच्या डोक्यात बसते.

ठिपक्याशेजारी वेग दिसतो, ही या यंत्रणेतली सगळ्यात घातक गोष्ट. प्रवासी बसला वेगनियंत्रक ८० वर बांधलेला असतो, हे आप्पांना पाठ. एकदा येडशीच्या अलीकडं माझा फोन वाजला. “८४ दावलालंय. ड्रायव्हरला सांग.” मी वरच्या बर्थवर, खाली अंधारात चपला, रस्ता असा की उठलो की डोकं छताला. तरी गेलो. ड्रायव्हरमामांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. “उलटी होतीय का?” म्हणाले. मी म्हटलं, नाही, आमचे आप्पा म्हणतात जरा हळू. “आप्पा कुठं बसलेत?” मी म्हटलं, गावाकडं. मामांनी पुढं काही विचारलं नाही. पण गाडी खरंच हळू झाली. आमच्या पाठीमागचे सगळे बर्थ आप्पांचं देणं लागतात.

घाटात रेंज जाते तेव्हा घरी हाहाकार. ठिपका थांबतो, आई देवापुढं बसते. वास्तविक तो डबा अशा वेळी गप्प बसून नोंदी पोटात ठेवतो. किमान ४०,००० नोंदी मावायला पाहिजेत असा दंडकच आहे. रेंज आली की सगळं भडाभडा ओकतो, ठिपका एकदम उडी मारून पुढं जातो आणि आई म्हणते, “माय! केवढ्यानं हाणलालाय गाडी!”

या डब्याबरोबर येतं लाल बटण. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये चालत्या बसमध्ये जे घडलं, त्यातून ही सगळी यंत्रणा उभी राहिली. २८ नोव्हेंबर २०१६ ची अधिसूचना निघाली, मग मुदती पुढं सरकल्या, आणि शेवटी १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या प्रवासी वाहतुकीच्या नव्या गाड्यांना डबा आणि बटण सक्तीचं झालं. बटण दाबलं की गाडीची जागा थेट नियंत्रण कक्षाला कळावी, ही कल्पना. बटण सोपं हवं, तरी चुकून दाबलं जाऊ नये, हेही नियमात लिहिलंय. आणि वायर कापली तरी इशारा गेलाच पाहिजे अशी त्याची जोडणी. इतका बारीक विचार केलेली वस्तू आपल्याकडं क्वचित बनते.

ठिपका हलेना झाला त्या रात्री माझ्या समोरच्या खालच्या बर्थवर मुरूडच्या एक आजी होत्या. त्यांच्या डोक्याशी ते बटण. त्यावर आडवी-उभी पांढरी चिकटपट्टी, आणि पट्टीवर निळ्या बॉलपेननं ‘दाबू नये’.

“ही कशाची रं बटन?” आजींनी क्लीनरला विचारलं.

“संकट आल्यावर दाबायची, आजी.”

“मग ‘दाबू नये’ कामून लिव्हलंय?”

“पोरं दाबतेत. मग मालकाला फोन येतो, मालक मला शिव्या देतो.”

“आन् संकट आल्यावर?”

“मला हाक मारा की.”

“तू कुठं झोपतूस?”

“पुढं, केबिनमदी.”

आजींनी केबिनच्या बंद दाराकडं बघितलं, पट्टीकडं बघितलं, आणि नखानं तिचा एक कोपरा सावकाश उचलून ठेवला. वेळ आली तर नख लावत बसायला नको. मी दिलेल्या सगळ्या करांपैकी त्या कोपऱ्याएवढं समाधान मला कशानंही दिलेलं नाही. चिकटपट्टीवाल्यांवर मात्र माझा राग आहे, तो विनोदात बसत नाही.

हे सगळं घडलं त्या दुसऱ्या बसमध्ये. आणि इथंच घोळ आहे. पहिली बस हडपसरला आली तीच धापा टाकत. एसीतून गरम वाफा, खाली पाण्याचं तळं. तासभर ‘पाच मिनिटं’ झाल्यावर आम्हाला सामानासकट उतरवून दुसऱ्या बसमध्ये कोंबलं. सीट नंबरांवरून एक छोटं पानिपत झालं, एक जावई रुसून पुढं ड्रायव्हरशेजारी बसले, आणि गाडी निघाली. पहिली बस तिथंच पेट्रोल पंपाच्या कडेला उभी. लिंक तिची.

टेंभुर्णीला चहाला उतरलो तोवर फोन तापला होता.

“कुठं हाईस?” आप्पा.

“टेंभुर्णी. चहाला थांबलीय गाडी.”

“न्हाई.”

“न्हाई म्हणजे?”

“तू हडपसरला हाईस. कवाधरनं बघलालाव, ठिपका हलना गेलाय. वेग शून्य.”

“आप्पा, मी इथं उभा आहे. माझ्या हातात चहा आहे.”

“चहा हडपसरलाबी मिळतो.”

मी बस बदलल्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पक्षकाराचं ऐकतात तसं, आणि म्हणाले, “त्याचा लेखी मेसेज कुठाय?” मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल असं धरा. झालं. “बिघडत नसतंय. वायर काढली तरी पोटातल्या बॅटरीवर चार तास चालतंय. आन् वायर काढली तर तसा इशारा येतो. आलाय का इशारा?” मी ढाब्याचा फोटो पाठवला. फोटोत पाटी होती, पण पाटीवर गावाऐवजी फक्त ‘शुद्ध शाकाहारी’. मग व्हॉट्सॲपवरून माझं लाइव्ह लोकेशन पाठवलं. त्यानं आणखी बिघडलं, कारण आता मी दोन ठिकाणी होतो. ग्रुपवर तट पडले. ताई टेंभुर्णीच्या बाजूनं. दाजी तटस्थ. औशाच्या मावशींनी हात जोडलेली चित्रं पाठवायला सुरुवात केली. आप्पांनी निकाल दिला: मोबाइल हे खाजगी साधन, गाडीतलं यंत्र तपासून, प्रमाणित करून बसवलेलं. दोन मोजण्यांत तफावत आली तर प्रमाणित मोजणी ग्राह्य.

आणि त्यांचं एक अक्षर चूक नव्हतं, हीच तर पंचाईत. बस खरोखर हडपसरला होती. वेग खरोखर शून्य होता. उपग्रह, घड्याळं, डबा, सिमकार्ड, सगळे आपापल्या जागी चोख. फक्त तो डबा बसला बांधलेला असतो, मला नाही, आणि हे सांगणारा एकमेव साक्षीदार मीच. माझी साक्ष घरात आधीपासूनच कमी धरतात.

ग्रुपवर कुणीतरी ११२ ला फोन करायचं सुचवलं. मी हादरलो. पोलीस आले तर मला हडपसरला जाऊन सापडावं लागलं असतं. आईनं फोन घेतला. तिनं जागा विचारलीच नाही. “जेवलास का?” मी हो म्हटलं. “काय?” पिठलं. “मग जा झोप,” म्हणाली. माझ्या बाजूनं लागलेला त्या रात्रीचा तो एकच निकाल.

पहाटे लातूरला उतरलो. गंजगोलाईत दुकानांची शटरं अजून खाली, रेणापूर नाक्यावर टमटमवाला मात्र ‘एकच सीट, एकच सीट’ म्हणत नवव्या माणसाला बसवत होता. तीनचाकी वाहनांना या डब्यातून आणि बटणातून सूट आहे, हे मला आप्पांनीच सांगितलेलं. म्हणजे घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात माझ्यावर आकाशातून कुणाचंही लक्ष नव्हतं. एक पाय बाहेर, मांडीवर कुणाचं तरी दुधाचं कॅन, आणि टमटमवाला मान मागं वळवून विचारतोय, “मोजणीवाल्या आप्पांचे ना तुम्ही? काल हडपसरला अडकला होता म्हणं?”

अंगणात पोचलो. आई चुलीपाशी होती, तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, स्वेटर का घातला नाही एवढं विचारलं आणि पाणी तापवायला ठेवलं. आप्पा बाजेवर बसून होते. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. डोळ्यांवर चष्मा, चष्म्यासमोर फोन.

मी वाकून पाया पडलो. त्यांनी नजर न काढता डोक्यावर हात ठेवला.

“हललास बघ,” ते म्हणाले. “आत्ताच हडपसर सोडलं. वेग ३०.”

“आप्पा, मी आलोय.”

“दिसलालंय की मला,” म्हणाले. “रस्ता मोकळा मिळाला तर दुपारी दोनपर्यंत पोचशील. तवर आंघोळ करून घे.”