‘साध्या वायरीचे साडेसात हजार’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

गाडीच्या म्युझिक सिस्टिमच्या वायरिंगचं जे काम आम्ही केलं, त्यावरचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. पन्हाळ्यावर पहाटे गाडीला सेल्फ लागेना, लहान मुलं बरोबर, वर ती थंडी. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे.

तुमच्या तीन तक्रारी आहेत. साध्या वायरीचे साडेसात हजार लावले, एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं आणि एवढं करूनही महिन्याभरात बॅटरी बसली. शेवटी ‘नुसती लूट, कुणी जाऊ नका’ असंही लिहिलंत. बाकीचं मी पोटात घातलं असतं. पण वायरीचं मनाला लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दसरा तोंडावर आलाय, नवीन गाड्या निघतील, आणि फोन करणारं गिऱ्हाईक आता आधी तुमचा रिव्ह्यू वाचून दाखवतं.

तुम्ही आलात तेव्हा आवाजाला जोर देणारा अ‍ॅम्प आणि ठोक्याचा मोठा स्पीकर, म्हणजे सबवूफर, आधीच बसवलेला होता. ते फिटिंग कुणी केलं होतं ते तुम्हाला माहीत आहे, मी इथे लिहीत नाही. तक्रार अशी होती की रात्री गाणं लावलं की प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिणमिणतात आणि आवाज फाटतो. अ‍ॅम्पच्या खोक्यावर २,००० वॅट छापलंय. मी तुमच्यासमोर अ‍ॅम्पचे फ्यूज काढून दाखवले, ३० अँपिअरचे दोन. म्हणजे तो अ‍ॅम्प जास्तीत जास्त ६० अँपिअर ओढणार. १४ व्होल्टने गुणलं तर ८४० वॅट आत जातात, त्यातले चांगल्या क्लास डी, म्हणजे वीज कमी वाया घालवणाऱ्या, अ‍ॅम्पमधून साडेसहाशे-सातशे बाहेर पडतात. खोक्यावर काहीही छापता येतं, फ्यूज खोटं बोलत नाही.

आता तुमची ती वायर. खोक्यावर ४ गेज लिहिलेलं (गेज म्हणजे वायरीच्या जाडीचं माप, आकडा लहान तितकी वायर जाड), हातात घेतली तर बोटाएवढी जाड. काउंटरवर ब्लेडने सोलली तेव्हा सगळी जाडी वरच्या रबराची निघाली. आतली एक तार खरवडली तर तांबूस मुलामा निघून खाली पांढरं अ‍ॅल्युमिनियम दिसलं. तुम्ही स्वतः ती तार हातात घेऊन बघितलीत, साहेब. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या अशा वायरीतून तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या मानाने साधारण दोन तृतीयांशच वीज नीट जाते. त्यात ती आतून ८ गेजचीच भरली. बॉनेटपासून डिक्कीपर्यंत पाच मीटर अशी वायर टाकली आणि ६० अँपिअर ओढले की जवळजवळ एक व्होल्ट वायरीतच खर्च होतो. खऱ्या ४ गेज तांब्यात हाच आकडा पाव व्होल्टच्या आसपास राहतो. काम झाल्यावर अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर मीटर लावून आधीचा आणि नंतरचा आकडा तुम्हाला दाखवला होता.

आणि खर्चाचं म्हणाल तर वायर ती एकच नव्हती. डिक्कीपर्यंतची लाल वायर टाकून भागत नाही. इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, बॅटरीच्या मायनसपासून बॉडीपर्यंत आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत, या कंपनीने दिलेल्या तिन्ही वायरी बारीक असतात. त्या गाडीबरोबर येणाऱ्या म्युझिक सिस्टिमपुरत्याच दिलेल्या असतात, त्यात कंपनीची चूक नाही. आम्ही त्या तिन्हींच्या जोडीला जाड तांबं टाकलं, शिवाय अ‍ॅम्पचं अर्थिंग, म्हणजे पत्र्याला जोडायची मायनसची वायर, वेगळं. सगळी मिळून नऊ मीटर वायर लागली. ४ गेजच्या एका मीटरमध्ये १९० ग्रॅमच्या आसपास तांबं असतं, म्हणजे तुमच्या गाडीत पावणेदोन किलोच्या जवळपास नुसतं तांबं आहे. तांब्याचा आजचा भाव कुठल्याही भांड्यांच्या दुकानात विचारा. त्यावर वायरीच्या टोकांचे लग, स्लीव्ह, बॉनेटच्या उष्णतेत टिकणारी कंड्युटची नळी, फ्यूज होल्डर आणि मजुरी. याला लूट म्हणायचं असेल तर माझा इलाज नाही.

तीन दिवसांचं सांगतो. जुनी वायर इंजिन आणि डॅशमधल्या पत्र्याच्या भोकातून तशीच ओढली होती, ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायचं रबर, नव्हतं. पत्र्याच्या कडेला घासून एका जागी रबर सोललं गेलं होतं. आणि फ्यूज कुठे, तर मागे डिक्कीत, अ‍ॅम्पपाशी! बॅटरीपासून तिथपर्यंतच्या पाच मीटर वायरीला कसलंच संरक्षण नाही. ती पत्र्याला टेकली असती तर वायर लाल होऊन कार्पेट पेटलं असतं. मेन फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत लागतो, तसा आम्ही ८० अँपिअरचा लावला. अर्थिंगसाठी रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, बोल्ट कसायचा आणि वरून पुन्हा रंग मारायचा, नाहीतर आपल्याकडच्या पावसात वर्षभरात गंज धरतो. हे सगळं घाईत करून गाडी देता आली असती. मी दिली नाही.

आता बॅटरी. तुमच्या गाडीचा अल्टरनेटर ७० अँपिअरचा आहे. रात्री एसी, हेडलाइट, रेडिएटरचा पंखा मिळून तीस-चाळीस गाडीच खाते आणि आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, अल्टरनेटर पूर्ण ७० देतही नाही. म्हणून मी मोठा अल्टरनेटर आणि जास्त सोसणारी एजीएम बॅटरी सुचवली होती. ‘सध्या बजेट नाही’ म्हणालात, मी आग्रह धरला नाही. त्याऐवजी अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे जोर कमी-जास्त करायचं बटण, बेताचा ठेवून दिला. तुम्ही कपॅसिटर मागत होता, तो विकला असता तर फायदा माझाच होता. पण कपॅसिटर वीज तयार करत नाही, एका ठोक्याचा क्षणभराचा धक्का तेवढा सावरतो. म्हणून नको म्हटलं. लुटणारा दुकानदार नको म्हणतो का?

आणि गाडी देताना मी आणि माझ्या मुलाने दोघांनी सांगितलं होतं की इंजिन बंद ठेवून मोठ्याने लावायचं नाही. पन्हाळ्यावर त्या रात्री इंजिन बंद करून तीन तास गाणी चालली, हे तुम्हीच फोनवर सांगितलंत. हिशोब साधा आहे. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. गाण्यात अ‍ॅम्प सतत ६० ओढत नाही, सरासरी १५ धरा. तीन तासांचे ४५ झाले. बॅटरीत होते त्याहून जास्त मागितले तर ती बसणारच, वायर सोन्याची घातली तरी. शिवाय गाडीची साधी बॅटरी सेल्फपुरता जोराचा करंट द्यायला बनवलेली असते, अशी पूर्ण रिकामी केली की तिच्या प्लेटी कायमच्या खराब होतात.

रविवार होता, दुकान बंद होतं. तुमचा फोन आल्यावर मुलगा अंधारातच जंपर केबल घेऊन कोल्हापूरहून वर आला, गाडी चालू करून दिली आणि एक रुपया घेतला नाही. तेव्हा गेन पूर्ण फिरवलेला होता, तोही त्याने खाली आणून ठेवला. रिव्ह्यूमध्ये यातलं काहीच नाही. मुलाने तो वाचला, बोलला काही नाही. पण मला वाईट वाटलं.

असो. यापुढे बिलावर वायरीचं गेज आणि मीटर वेगळे लिहून देऊ, वेळेचंही बघतो. तुम्ही कधीही या, बॅटरी लोड टेस्टरवर लावून बघू, त्याचे पैसे नकोत. डॅशवर छोटा व्होल्टमीटर लावून घ्या, तो मूळ भावात देतो. इंजिन बंद असताना आकडा १२ च्या खाली गेला की गाणं थांबवायचं, एवढं पाळलंत तरी पुरे.

रिव्ह्यू काढून टाका असं मी म्हणत नाही, तुमचा अधिकार आहे. इंजिन बंद ठेवून तीन तास गाणी लावली होती आणि मुलगा वर आला होता, एवढं मात्र त्यात लिहा.