वंश मोजून शेतकऱ्याला काय मिळतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घेवड्यावरच्या करप्याच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "शेंगेवरचे डाग सगळीकडे सारखेच. बुरशीचे शंभर वंश मोजून पेपर छापतात, आम्हाला मात्र तीच फवारणी." फवारणीपुरतं तुमचं म्हणणं रास्त आहे. मी बोलत होतो ते वाणाबद्दल.

डाग सारखे दिसतात हीच तर पंचाईत. करपा आणणाऱ्या कोलेटोट्रायकम लिंडेमुथियानम या बुरशीचे वंश, म्हणजे वेगवेगळ्या वाणांना ग्रासणारे तिचे प्रकार, डोळ्यांना कळत नाहीत, म्हणून ठरलेल्या 12 वाणांच्या रोपांवर बीजाणू फवारून पाहतात. पहिल्या वाणाला 1 गुण, दुसऱ्याला 2, मग 4, 8 असं दुप्पट करत बाराव्याला 2048. जे वाण बळी पडतात त्यांच्या गुणांची बेरीज हा वंशाचा क्रमांक. वंश 73 म्हणजे 1, 8 आणि 64: मिशेलाइट, कॉर्नेल 49-242 आणि मेक्सिको 222 गेले, बाकीचे नऊ टिकले. एका आकड्यात सगळी कुंडली! (ज्याला हे सुचलं त्याला दंडवत.)

त्यातल्या कॉर्नेल 49-242 चंच बघा. त्याच्यातल्या एका रोगप्रतिकारक जनुकाच्या भरवशावर युरोपात कितीतरी वाण निघाले आणि तोवर माहीत असलेल्या वंशांपुढे टिकलेही. मग कप्पा नावाचा वंश आला आणि ते जनुक निरुपयोगी ठरलं. शेंगेवरचे डाग मात्र तेच: खोलगट, कडेला काळपट, ओल्या हवेत मधोमध गुलाबी चिकटा. नुसत्या डागांवर विसंबणाऱ्याला वाटलं असतं, बियाण्यातच भेसळ झाली. मेक्सिकोच्या जी 2333 मध्ये अशी तीन जनुकं एकत्र आहेत. तो वाण रवांडात 'उमुबानो' म्हणून लावला गेला. त्यालाही भेदणारे वंश निघालेच.

बुरशीच्या नमुन्यांमधला फरक दाखवणाऱ्या डीएनएच्या पट्ट्यांवरही तुम्ही चिडला आहात; ती चीड काहीशी पटते. नुसत्या पट्ट्यांवरून कुठला वाण पेरावा हे कुणी सांगू शकत नाही. पण एकाच क्रमांकाचे दोन नमुने डीएनएत बरेच वेगळे निघतात, ते का? कारण क्रमांक फक्त त्या 12 वाणांपुढची वागणूक सांगतो. तेराव्या वाणापुढे तेच दोन नमुने वेगळे वागू शकतात. पैदासकाराने नवं जनुक एकाच नमुन्यावर तपासून वाण बाजारात आणला, तर फटका तुम्हालाच बसणार.

तुम्ही कोरेगावकडचे, घरचंच वाघ्या घेवड्याचं बी धरता असं लिहिलंय. ही बुरशी बियातून पुढच्या हंगामात जाते. तेव्हा डागाळलेल्या शेंगांचं बी धरू नका, आणि किराणा दुकानातला परप्रांतीय राजमा (तोही घेवडाच) हौसेनं पेरू नका; त्याच्याबरोबर कुठला वंश येईल ते कुणालाच दिसणार नाही.